पाटी भाड्याची, फ्लॅट मालकीचा

(रंगमंचावर एक खुर्ची, एक टेबल. टेबलावर गुळगुळीत कागदाच्या माहितीपुस्तकांचा गठ्ठा. कुंदाताई येतात. साठी ओलांडलेली, सुती साडी, काखेत पर्स, गळ्यात दोरीला चष्मा. येताच मान वर करून नाट्यगृहाचं छत न्याहाळतात.)

गळत नाही ना हो इथे? नाही? मग हरकत नाही. काय आहे, कुठल्याही वास्तूत शिरले की लोक आधी देवाला हात जोडतात, मी ओल शोधते. मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी आहे, तिची मी सेक्रेटरी. दर वेळी बिनविरोध. (थांबून) बिनविरोध म्हणजे दुसरं कुणी उभंच राहत नाही.

तर आमच्या ताईचा मुलगा, मंदार. कॅलिफोर्नियात असतो. त्याचा फोन. “मावशी, मुंबईत ब्रँडेड रेसिडेन्स घ्यायचा विचार आहे. म्हणजे मोठ्या हॉटेलांच्या नावाचे फ्लॅट. तू जरा बघून ये ना, आणि तुलना करून सांग.” मी म्हटलं, “अरे, हॉटेलात राहायची एवढी हौस असेल तर चार दिवस खोली घे, मन भरलं की घरी ये.” म्हणाला, “तसं नाही गं मावशी. घर आपलं, सर्व्हिस पंचतारांकित. बटलर, कन्सिअर्ज, व्हॅले पार्किंग.” मी विचारलं, “पाणी किती वाजता येतं?”

फोन चालू होता. मंदार गप्प होता.

मग मी अभ्यासाला बसले. एजीएमच्या आधी बसते तशीच. कळलं की हे खूळ आजचं नाहीच. १९२७ साली न्यूयॉर्कला फिफ्थ अव्हेन्यूवर शेरी-नेदरलँड नावाचं हॉटेल उभं राहिलं. त्यात श्रीमंत लोक बिऱ्हाड करून राहायचे. खोली यांची, झाडलोट हॉटेलची. आणि त्याच दशकात इकडे वरळीला काय उभं राहत होतं? बीडीडी चाळी! १६० चौरस फुटांची खोली, आणि संडास मजल्याला मिळून. म्हणजे बघा, कॉमन अमेनिटीज दोन्हीकडे होत्या. फक्त आमच्याकडे त्यांना रांग होती.

पुढे १९८५ मध्ये बॉस्टनला फोर सीझन्सने हॉटेलाला जोडून घरं काढली, आणि मग जगभर पीक आलं. मुंबईत ते आलं वरळी-लोअर परळला. मंदारने मला यादी पाठवली होती, सगळी नावं एका ओळीत, जणू एकाच माळेचे मणी. मी म्हटलं, अरे, हे मणी नाहीत. यात तीन वेगळ्या जाती आहेत.

(एकेक माहितीपुस्तक उचलत) हे फोर सीझन्स. वरळीला त्यांचं हॉटेल २००८ पासून आहे, घरं त्याच्या शेजारी. दुसरं, थ्री सिक्स्टी वेस्ट. इमारत ओबेरॉय रिअल्टीची, व्यवस्थापन रिट्झ-कार्लटनचं. तिसरा लोढांचा ट्रम्प टॉवर, सोनेरी काचांचा, वरळीत लांबूनही दिसतो. पुण्याला कल्याणीनगरमध्येही त्याच नावाचे दोन टॉवर आहेत, पंचशीलने बांधलेले. आणि हा लोढांचाच वर्ल्ड टॉवर्स, त्यातली सजावट अरमानी कासाची. हे अरमानी म्हणजे सूट शिवणारे. म्हणजे एकाकडे हॉटेल आहे, एकाकडे नाव आहे आणि एकाकडे सोफा आहे. आणि मंदार म्हणतो, “मावशी, स्क्वेअर फुटाचा भाव कम्पेअर कर.”

(पुस्तकं ठेवून) आता प्रत्यक्ष भेटी. ज्या ज्या ऑफिसात जे जे झालं ते मी एकत्र करून सांगणार आहे, आणि नाव कुणाचंही घेणार नाही. त्यांच्याकडे वकील आहेत. माझ्याकडे फक्त भाचा आहे.

आत शिरलं की आधी वास. गजऱ्याचाही नाही, उदबत्तीचाही नाही, श्रीमंतीचा वास. मग एक मुलगा. सूट, टाय, बूट असे की त्यात माझा चेहरा दिसला आणि केस विंचरायचे राहिलेत हे कळलं. “वेलकम मॅम. विल यू हॅव समथिंग?” मी म्हटलं, “पाणी दे.” तर पाण्यात काकडी! मी म्हटलं, “कोशिंबीर अर्धवट राहिली का रे?”

मग फिल्म दाखवली. एक बाई पांढरा झगा घालून समुद्राकडे बघतेय. नवरा पांढरा झगा घालून बाईकडे बघतोय. अख्ख्या फिल्ममध्ये कुणी कुकर लावला नाही. मी विचारलं, “कपडे कुठे वाळत घालायचे?” “मॅम, लाँड्री सर्व्हिस आहे.” “सगळे?” “सगळे, मॅम.” “आतलेसुद्धा?” (थांबून) तो मुलगा टायपर्यंत लाल झाला.

“मेंटेनन्स?” त्याने चौरस फुटाचा दर सांगितला. मी मनात गुणाकार केला आणि काकडीचं पाणी एका घोटात संपवलं. अहो, आमच्याकडे महिन्याचा मेंटेनन्स साडेसात हजारांच्या वर गेला की १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून आम्ही तो ७,४०० वर धरून ठेवलाय. गेल्या वर्षी जिन्याचा बल्ब जास्तीचा लावायचा होता, तर जनरल बॉडीत दीड तास चर्चा. इथे लॉबीत झुंबर. मी मोजायला लागले तर तो मुलगा म्हणाला, “मॅम, वुई डोन्ट काउंट.” मोजत नाहीत! ऑडिटर काय करतो मग?

पण खरी गंमत खर्चाच्या पुढच्या पानावर. समजा फ्लॅट ५० कोटींचा. समजा हो, कल्पना करायला काय जातंय. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ३ कोटी. फ्लॅट बाईच्या एकटीच्या नावावर घेतला तर १ टक्का सूट. ५० लाख वाचले! मंदारला सांगितलं तर पलीकडून सून ओरडली, “मावशी, तुम्ही ग्रेट आहात.” लग्नाला अकरा वर्षं झाली, पहिल्यांदा ग्रेट म्हणाली. बांधकाम चालू असताना घेतला तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी अडीच कोटी. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आलेलं असेल तर तो नाही. म्हणून मी पहिला प्रश्न विचारते: ओसी आहे का? झुंबर नंतर.

आणि नोंदणी फी? तिची कमाल मर्यादा ३० हजार. मुलुंडच्या वन बीएचकेला ३० हजार आणि वरळीच्या पेंटहाऊसलाही ३० हजार. (हात जोडून) सबरजिस्ट्रारचं ऑफिस! या शहरात समाजवाद शिल्लक आहे तो तेवढ्याच एका काउंटरवर.

(चष्मा लावून, एक माहितीपुस्तक शेवटच्या पानावर उघडतात.)

लोक माहितीपुस्तक पुढून वाचतात, मी मागून वाचते. शेवटचं पान, तळाला, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. अशा बहुतेक पुस्तकांत असतात. त्याचा अर्थ मी तुम्हाला आमच्या सोसायटीच्या भाषेत सांगते: “ही घरं हॉटेल कंपनीने बांधलेली नाहीत, तिच्या मालकीची नाहीत, ती विकतही नाही. बिल्डर तिचं नाव वापरतोय ते परवान्यावर. परवाना संपला, की नाव संपलं.”

(चष्मा काढून) म्हणजे पुढच्या पानावर हाताएवढं नाव, आणि मागच्या पानावर “आमचा काही संबंध नाही.” बिल्डर बांधतो, पैसे तोच घेतो; हॉटेल नाव देतं, त्याची फी घेतं, माणसं शिकवून पाठवतं, ती चालवण्याचीही फी घेतं. आणि ही फी शेवटी कोण भरतो? तोच, जो पांढरा झगा घालून समुद्राकडे बघतोय.

मी मुलाला विचारलं, “करार किती वर्षांचा?” “लाँग टर्म, मॅम.” “म्हणजे किती?” “व्हेरी लाँग टर्म.” “मोडायचा झाला तर कोण मोडू शकतो? हॉटेल, बिल्डर, की आम्ही?” तो म्हणाला, “सिनिअरना बोलावतो.” सिनिअर आले. तेही म्हणाले, “सिनिअरना विचारतो.”

आता तुम्ही म्हणाल, कुंदाताई, असं कुठे होतं का, की पाटीच गेली? झालंय की! टोरोंटोला ट्रम्प टॉवर होता, ६५ मजल्यांचा, हॉटेल आणि फ्लॅट एकत्र. २०१७ मध्ये अक्षरं उतरली. पुढे त्याचं सेंट रेजिस झालं. माणूस झोपला ट्रम्पमध्ये आणि उठला सेंट रेजिसमध्ये, खाट तीच!

त्याहून भारी न्यूयॉर्कचं. २०० रिव्हरसाइड बुलेवार्ड. तिथल्या रहिवाशांना पाटी नकोशी झाली. पण काढता येते का? नाव वापरायचा करार होता १ डॉलरचा. एका डॉलरला मिळालेलं नाव उतरवायला ही मंडळी कोर्टात गेली. २०१८ मध्ये कोर्ट म्हणालं, ठेवायलाच हवं असं करारात काही नाही. मग मतदान, आणि बहुमताने पाटी खाली. (आनंदाने) म्हणजे न्यूयॉर्कलासुद्धा जनरल बॉडी असते! मला तर डोळ्यांसमोर दिसायला लागलं: तिसऱ्या मजल्यावरचे काका उठलेत, “आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा!”

म्हणून मंदारला मी कळवलं. हॉटेल खरंच शेजारी असेल, त्यांचं किचन, त्यांची माणसं तिथेच असतील, तर निदान त्यांची अब्रूही तिथेच अडकलेली असते, विचार कर. पण पोहण्याचा तलाव सामायिक असेल तर आधी विचार, की पाहुण्यांनी पोहायचं आणि क्लोरीन आमच्या मेंटेनन्समधून का? नुसतं नाव असेल तर नावाची किंमत वजा कर आणि राहिलेल्या भिंतीला भाव दे. आणि सोफाच हवा असेल तर बाबा रे, सोफाच घे.

(पर्स मांडीवर घेऊन बसतात. आवाज थोडा खाली.)

एक गोष्ट मात्र त्याला कळवली नाही. ट्रम्प टॉवर ज्या जमिनीवर आहे ना, ती गिरणीची. मुंबई टेक्सटाइल मिल. २००५ मध्ये डीएलएफने ती ७०२ कोटींना घेतली आणि २०१२ मध्ये लोढांना सुमारे २,७०० कोटींना विकली. मध्ये सात वर्षं. आमचे सासरे गिरणीत साच्यावर होते. ही नाही, दुसरी. १९८२ च्या संपात जे बाहेर पडले ते पडलेच. पुढे गिरणी कामगारांना म्हाडाच्या सोडतीत घर मिळणार म्हणून ते फॉर्म भरून गेले. २२५ चौरस फूट. सॅम्पल फ्लॅट बघताना मुलगा अभिमानाने म्हणाला, “मॅम, हा नुसता वॉक-इन वॉर्डरोब बघा.” मी आत गेले. टाचेला टाच लावून मोजला. (हिशेब करून, बोटं मिटत) सासऱ्यांचा नंबर लागला असता, तर ते एवढ्यात मावले असते. सासूबाईंना थोडं बाहेर उभं राहावं लागलं असतं.

(एकदम उठून, मूळ सूर पकडत) असो! शेवटी मी विचारलं, “इथे सोसायटी होणार का?” मुलगा हसला. “मॅम, हे सगळं ब्रँड बघतो.” मी म्हटलं, “बघू दे. पण महाराष्ट्रात रेराच्या नियमाने ५१ टक्के फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत सोसायटी करायला घ्यावी लागते. असोसिएशन म्हणा, काही म्हणा. सेक्रेटरी कोण होणार? एक लंडनला, एक दुबईला, एकाची चौकशी चालू आहे. कोरम कुठून आणणार?”

मुलाने इकडेतिकडे बघितलं. सिनिअर लांब होते. खुर्ची जवळ ओढली. इंग्रजी कुठल्या कुठे गेलं.

“काकू, एक विचारू? आमची बिल्डिंग विरारला आहे. सोसायटी होऊन नऊ वर्षं झाली. बिल्डर कन्व्हेयन्सच देत नाही. जमीन अजून त्याच्याच नावावर. काय करायचं?”

(कुंदाताई पर्समधून वही, पेन काढतात. चष्मा चढवतात. चेहरा उजळतो.)

अरे, आधी नाही का सांगायचं! डीम्ड कन्व्हेयन्स. त्याच्या सहीवाचून होतं. मोफा कायदा, कलम ११. सभेचा ठराव आहे? नाही? आधी ठराव. सगळ्यांच्या इंडेक्स टूच्या प्रती, सातबारा, मंजूर नकाशा, बिल्डरला पाठवलेली नोटीस. नोटीसही नाही पाठवली? नऊ वर्षं केलंत काय, पूजा घातलीत? ते झुंबराचं पुस्तक बाजूला कर. त्याच्यामागचं पान कोरं आहे, तेच घे. लिही. “प्रति, जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, पालघर...”

(प्रकाश मंदावतो. अंधारातून आवाज: “ऱ्हस्व नाही रे, दीर्घ!”)