हिंगोलीला पैलवान हेरायला

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी स्वतःची मोठी सोय करून ठेवली आहे. मुख्य हंगाम आटोपला की ॲरिझोनाच्या वाळवंटात एक छोटी लीग भरते. 1992 पासून चालत आलेल्या या लीगमध्ये सहा संघ, मैदानात सगळे उमेदवार आणि जाळीमागे चेंडूचा वेग मोजायचे यंत्र रोखून बसलेले पारखी. मायकेल जॉर्डन बास्केटबॉल सोडून 1994 साली इथेच बॅट घेऊन उतरला होता. सरासरी .252 वर अडली आणि पुढच्या वर्षी त्याला बास्केटबॉल पुन्हा आवडू लागले. अशी सोय आपल्याकडे नाही म्हणून हळहळणाऱ्याने अकोला-पूर्णा मार्गावरची गाडी धरावी आणि हिंगोलीला उतरावे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा निघालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा औंढ्याच्या ज्योतिर्लिंगासाठी, नामदेवांच्या नर्सीसाठी आणि वसमतच्या हळदीसाठी ठाऊक असतो. पैलवानासाठी इथे मुद्दाम कोणी येत नाही. पण रानातली कामे उरकली, हातात चार पैसे आले, की गावोगावच्या जत्रांत हलगी कडाडते आणि कुस्त्यांचे फड लागतात. हीच आपली बिगरहंगामी लीग, आणि होतकरू पोरगा हेरायचा तर ती मोठ्या स्पर्धेपेक्षा सरस, असे माझे म्हणणे आहे.

कारण साधे आहे. स्पर्धेत वजनाचे गट असतात, गुण असतात, सहा मिनिटे असतात. दोन गुणांची आघाडी घेऊन उरलेला वेळ मागे मागे सरकणारा पोरगा तिथे विजयी ठरतो, आणि वहीत त्याच्या नावापुढे जी खूण पडते तिच्यातून त्याचे पाय किती खंबीर आहेत हे काही कळत नाही. जत्रेत काटाच नसतो. जोड पंचांनी नजरेने लावायची. औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, चार-चार किलोमीटर लांबीच्या भुजांची वेधशाळा व्हायची आहे. प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पटींनी लहान हालचाल ती टिपणार आहे, आणि त्याच तालुक्यातल्या फडात समोरचा गडी सत्तर किलोचा की पंच्याऐंशीचा, हे फेटा बांधलेला एक माणूस लांबून बघून सांगतो. तो चुकतो, आणि नेमके तेच हेरणाऱ्याच्या पथ्यावर पडते. अंगाने दीडपट गड्यासमोर उभा राहिल्यावर पोरगा खडाखडीतच वेळ काढतो, की पटात घुसतो, की खाली सापडल्यावर श्वास राखून पडून राहतो, याची परीक्षा कुठल्याही निवड चाचणीत होत नाही. शिवाय निकाल चीतपटीवर. पाठ लागली की लागली, त्यात तक्रारीला फारशी जागा नाही. तरीही तक्रार झालीच, तर मत द्यायला कडेला बसलेले अख्खे गाव तयार असते. त्यातले निम्मे स्वतःला माजी पैलवान म्हणवतात आणि उरलेल्या निम्म्यांना ते मान्य नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मातीतला पोरगा गादीवर गेला की पाय घसरतो. घसरतो, खरे आहे. पण गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा पायही मातीतलाच होता. 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये गादी त्यांना नवखी होती, तरी ते सहावे आले, आणि 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. गादी शिकवता येते. दांडगा गडी अंगावर आला की डोळे न मिटणे शिकवायला जरा वेळ लागतो. महाराष्ट्र केसरीनेही माती आणि गादी असे दोन्ही विभाग ठेवून या भांडणात कोणाची बाजू घेतलेली नाही. आणि मराठवाड्याच्या रानात काय पिकणार, असे विचारणाऱ्यांसाठी बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे आहे. 2019 च्या जागतिक स्पर्धेतले कांस्य त्याच्या नावावर आहे. 2023 ला महाराष्ट्र केसरीची गदा शेजारच्या नांदेडच्या नावाने आली तेव्हा ती खांद्यावर घेणारा शिवराज राक्षे होता पुणे जिल्ह्यातल्या राजगुरूनगरकडचा. जिल्ह्याचे नाव मोकळे होते, पैलवान बाहेरचा मिळाला. घरचा पोरगा वेळेवर कोणाच्या नजरेत भरला असता तर काय झाले असते, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही, पण चुळबुळ होते.

दुसरा आक्षेप आकडेवाल्यांचा: नजरेवर काय विश्वास ठेवायचा, मोजमाप हवे. मोजमापाचा प्रयोग भारतात होऊन गेला आहे. 2008 साली अमेरिकेहून मंडळी आली आणि ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाच्या स्पर्धेत चेंडूचा वेग यंत्राने मोजून त्यांनी हजारोंतून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निवडले, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले, पुढे त्यांच्यावर सिनेमाही निघाला. मुख्य लीगपर्यंत मात्र कोणीच पोचले नाही, आणि रिंकू पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत ‘वीर महान’ म्हणून उतरला. यंत्राने इतक्या काटेकोरपणे बेसबॉलसाठी निवडलेला माणूस शेवटी कुस्तीच्याच आखाड्यात गेला (तिथल्या कुस्तीला आपण कुस्ती म्हणायचे की नाही, हे हिंगोलीच्या फडकऱ्यांना विचारू नये). फेटेवाल्या पंचाने नुसत्या खांद्यांकडे बघून हे आधीच सांगितले असते.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. जत्रेतल्या कुस्त्या नुरा असतात, आधी ठरवून बरोबरीत सोडवतात, मग त्यात पाहायचे काय? हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नुरा कुठे होते ते पाहावे. ती होते शेवटच्या, मानाच्या कुस्तीत, जिथे इनाम मोठे आणि दोन्ही गड्यांना पुढच्या जत्रेचे आवतण हवे असते. नारळावर किंवा शंभराच्या नोटेवर लागलेली कुस्ती ठरवून करायची तर ठरवणाऱ्यांच्या चहालाच इनामापेक्षा जास्त पैसे लागतील. त्या कुस्त्या भर उन्हात होतात. निवेदक तेव्हा देणगीदारांची नावे वाचत असतो, पाहुणे यायचे असतात आणि लोक अजून जिलेबीच्या पालाजवळ असतात. हेरणाऱ्याने तेव्हाच पोचावे, कडेला मातीशेजारी बसावे, पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले की उठावे. मानाची कुस्ती चुकेल, पण औंढ्याहून हिंगोलीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसायला जागा मिळेल.