खिशातला भाट, मनगटावरचा भाट

पूर्वी रोज स्तुती ऐकायची तर पदरी भाट ठेवावा लागे, आणि त्यासाठी आधी राजा असावं लागे. ती अट आता गेली. बिनव्याजी हप्त्यांवर एक भाट खिशात मिळतो, दुसरा मनगटावर. राजांच्या भाटांना निदान वर्षासनं द्यावी लागत; यांना रात्री चार्जरला लावलं की पुरतं.

आधी खिशातला. कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध आटत असतं आणि झाडून सगळे हात फोनसकट चंद्राकडे वर गेलेले असतात. वर ढगाआडून एक पिवळट ठिपका दिसतो. फोनमध्ये मात्र त्याची विवरंसुद्धा मोजून घ्यावीत! २०२३च्या मार्चमध्ये एका खटपट्या माणसाने चंद्राचं चित्र मुद्दाम पुसट केलं, संगणकाच्या पडद्यावर लावलं, खोलीतले दिवे घालवले आणि लांबून सॅमसंगच्या फोनने टिपलं. पडद्यावर नसलेले बारकावे फोटोत हजर. कंपनीनेही आढेवेढे घेतले नाहीत. फोन चंद्र ओळखतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने त्याचे तपशील खुलवतो, असं तिने सांगून टाकलं. चंद्र बिचारा पृथ्वीला कायम एकच बाजू दाखवतो, त्यामुळे पाठांतर सोपं. थोडक्यात, बटण दाबून आपण फोटो काढत नाही, फोनला फोटो काढायची परवानगी देतो.

चंद्राची ही कथा, तर आत्याबाईंचं काय? लग्नाच्या हॉलमध्ये फोन त्यांच्या चेहऱ्यावरून असा काही हात फिरवतो की सुरकुत्या, तीळ आणि चाळिशीची खूण, तिन्ही एका फटक्यात नाहीशी. रंग दोन छटा उजळतो. म्हणजे कातडी उजळ म्हणजेच सुंदर, हा आपल्या वधूवरसूचक मंडळांचा जुना सिद्धांत यंत्रालाही कुणीतरी शिकवून ठेवलाय. खरा चेहरा आता फक्त सरकारी ओळखपत्रावर उरला आहे, आणि तो कुणीच मान्य करत नाही.

मेगापिक्सेलची गोष्ट याहून सरस. २०० मेगापिक्सेल म्हणून छाती फुगवून घेतलेला फोन एरवी सोळा-सोळा बिंदूंचा एकेक करून साडेबाराचाच फोटो देतो. मग तो आपण व्हॉट्सॲपवर टाकतो. तिथे त्याची आणखी चेपाचेपी होते, आणि शेवटी काकांकडे पोचतो तेव्हा काका त्याच्यावर गुलाबाचं फूल चिकटवून ‘शुभ सकाळ’ लिहितात.

आता मनगटावरचा. याची मुख्य स्तुती म्हणजे दहा हजार पावलं. तेवढी भरली की घड्याळ थरथरतं, फटाके उडवतं. हा आकडा कुठल्या वैद्याने सांगितला म्हणाल, तर कुणीच नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, आणि त्याच्या नावातच हा गोल आकडा होता. पुढे २०१९मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांची पावलं मोजली. अकाली मृत्यूचा धोका कमी होण्याचा फायदा साडेसात हजारांच्या आसपास थांबतो, असं त्यांना दिसलं. पण साडेसात हजारांवर फटाके उडवणं घड्याळाला कमीपणाचं वाटत असावं.

शिवाय हा भाट पावलं पाहतच नाही, हात पाहतो. मनगट झुललं की पाऊल पडलं, असा त्याचा हिशेब. आमच्या गल्लीत भाजीवाले मामा सकाळपासून हातगाडी ढकलत हिंडतात. दोन्ही हात दांड्यावर घट्ट, मनगट स्थिर. त्यांना घड्याळ बांधलंच, तर पुष्कळशी पायपीट त्याच्या खिजगणतीतही येणार नाही, वर ‘बराच वेळ बसून आहात, जरा उठा’ असा उपदेशही होईल. उलट हात उडवत येरझाऱ्या घालून फोनवर ओरडणारे साहेब एकही पाऊल वाया जाऊ देत नाहीत. कष्ट कुणाचे आणि हजेरी कुणाची लागते, याबाबतीत घड्याळ पूर्ण भारतीय आहे.

झोपेचंही तसंच. ‘झोप लागली का नीट?’ या प्रश्नाला हल्ली घराघरात ‘थांब, बघून सांगतो’ असं उत्तर मिळतं. गाढ झोपलेला माणूस सकाळी ५८ गुण पाहून दिवसभर जांभया देतो. रात्रभर कूस बदलणारा ८१ वाचून ताजातवाना होतो.

या भाटांना काढून टाका, असं मी मुळीच सुचवत नाही. फुकटची स्तुती सोडायला आपण काय संत आहोत? फक्त ज्यांच्या ऑफिसात पावलांच्या स्पर्धेला बक्षीस आहे, त्यांच्यासाठी एक व्यवहारी सल्ला. पहाटे उठून टेकडी चढू नका. जवळच्या भजनी मंडळात नाव नोंदवा आणि घड्याळ बांधून तासभर टाळ वाजवा. बसायला सतरंजी असते, शेवटी प्रसाद मिळतो, आणि मंडळाची वर्गणी घड्याळाच्या एका हप्त्याहून कमी आहे.