ठरूनच नाही राहिलं

भाऊंसमोर 'रिअ‍ॅक्ट हे फ्रेमवर्क' असं चुकूनही म्हणायचं नाही. पुढ्यात तर्री पोह्यांची प्लेट असो की साक्षात सासरे बसलेले असोत, भाऊ चमचा खाली ठेवतात आणि म्हणतात, "फ्रेमवर्क नाही ना बावा, लायब्ररी आहे ते. त्यांच्या साइटवरच लिहून आहे." मग लायब्ररीला आपण बोलावतो आणि फ्रेमवर्क आपल्याला बोलावतं, हा भेद ते हातवारे करून समजावतात. तोवर पोह्यांनी सगळी तर्री पिऊन टाकलेली असते.

नाव सांगत नाही. नागपुरात गायत्रीनगरला आयटी पार्कच्या रस्त्यावर संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात, तिथे गाडीगणिक असा एक भाऊ सापडतो. मी सांगतोय ते त्यांच्यातले ज्येष्ठ. काही वर्षं पुण्यात नोकरी केली, तिकडे चहा मागून प्यावा लागतो म्हणून परत आले आणि बेसा रोडच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत स्वतःचं काम थाटलं. कार्डावर 'फुल स्टॅक डेव्हलपर' असं छापून आहे. स्टॅक कोणता, ते अजून ठरून नाही राहिलं.

बरं, माणूस मुळातला कच्च्या मनाचा म्हणावा तर तसंही नाही. हाच फ्लॅट त्यांनी बिल्डरचं नुसतं माहितीपत्रक पाहून घेतला. वहिनी तर सांगतात, "मला पाहायला आले, तर पोहे संपायच्या आत हो म्हणून मोकळे. अन् परवा एका बटनाचे कोपरे गोल ठेवायचे की चौकोनी, यासाठी रात्री दोनपर्यंत जागून होते."

ते बटन इतवारीतल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्यासाठी होतं. शेटजींना वेबसाइट हवी होती. त्यांची मागणी एवढीच, की दुकानाचं नाव, सावजी मसाल्याच्या पाकिटाचा फोटो आणि फोन नंबर ठसठशीत दिसावा. "हिवाळी अधिवेशनापर्यंत लाइव्ह करून देतो," भाऊ म्हणाले. अधिवेशन आलं, मोर्चे निघाले, आमदार संत्र्यांच्या पेट्या घेऊन मुंबईला परतले. भाऊंचा तक्ता तेवढा वाढत गेला.

हा तक्ता मी पाहिलेला आहे. वधूवर सूचक मंडळाच्या वहीसारखा तो आखलाय. डावीकडे स्थळांची नावं : रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, अँग्युलर, स्वेल्ट, सॉलिड, अ‍ॅस्ट्रो. पुढे वेग, वजन, शिकायला सोपं की अवघड, नागपुरात त्याच्यावर नोकऱ्या किती, गिटहबवर तारे किती. शेवटच्या रकान्याला शीर्षक आहे, 'पाच वर्षांनी असेल का?' आणि त्याच्याखाली ओळीने प्रश्नचिन्हं.

हसू येतं खरं, पण त्या रकान्यामागे एक जखम आहे. गूगलचं अँग्युलरजेएस २०१० मध्ये आलं आणि भाऊ ते जीव लावून शिकले. त्याच्या जोरावर पुण्याची नोकरी मिळाली. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याचा दुसरा अवतार आला, तो पार नव्याने लिहिलेला. जुना कोड त्यात तसाच्या तसा चालणार नव्हता. भाऊंनी पुन्हा पाटी-पेन्सिल घेतली. दुसऱ्यानंतर तिसरा अवतार आलाच नाही, २०१७ मध्ये थेट चौथा आला. २०२१ च्या अखेरीस मूळ अँग्युलरजेएसची देखभालही गूगलने थांबवली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. भाऊ अजून ताक कोणत्या भांड्यात घ्यावं, हे पाहून राहिले.

या गोंधळाचा उगम ते बरोबर सांगतात. ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. दहा दिवसांत केलेल्या कामाची डागडुजी जग तीस वर्षं करून राहिलं, असं भाऊंचं म्हणणं. प्रत्येक ब्राउझरचं वागणं वेगळं, म्हणून २००६ मध्ये जॉन रेसिगची जेक्वेरी आली. पडद्यावरचं पान आणि आतली माहिती यांचा ताळमेळ जमेना, म्हणून २०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट सर्वांना खुलं केलं. गूगलमध्ये अँग्युलरजेएस हाताळलेल्या इव्हान यूला त्यातलं आवडलेलं तेवढंच हवं होतं, म्हणून २०१४ मध्ये व्ह्यू. ब्राउझरवर एवढं ओझं टाकायचंच कशाला, कोड आधीच घडवून पाठवू, म्हणून २०१६ मध्ये स्वेल्ट. त्याचा कर्ता रिच हॅरिस तेव्हा वृत्तपत्रात काम करणारा. "म्हणजे पाहा, पत्रकारालाही राहवलं नाही," भाऊ म्हणतात. यातलं प्रत्येक जण आधीच्याची अडचण सोडवायला आलं, हे त्यांना पटतं. अवघड इतकंच, की त्यांना सगळ्यांचंच पटतं.

कुठलंही साधन शिकायचं, तर त्यात आधी कामांची यादी करणारं छोटं अ‍ॅप बनवायचं, असा या धंद्यात रिवाज आहे. भाऊंनी प्रत्येक स्थळासाठी एकेक बनवलं. सगळी अ‍ॅप उत्तम चालतात. प्रत्येकात पहिलं काम एकच लिहून आहे, 'शेटजींच्या साइटचं फ्रेमवर्क ठरवणे', आणि त्याच्यापुढची चौकट सगळीकडे कोरी.

हे झालं सांगाड्याचं. कपड्यांचा प्रश्न त्याहून बिकट. हाकोन व्हियुम ली याने १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली, ती मजकूर वेगळा आणि त्याचा साज वेगळा राहावा म्हणून. भाऊ या सोवळ्यातच वाढले. मधल्या काळात ट्विटरच्या पोरांचं बूटस्ट्रॅप आलं, २०११ मध्ये, आणि जगातल्या निम्म्या साइटींना एकच निळं बटन लागलं. (निम्म्या हा माझा अंदाज, पण त्या वर्षांत इंटरनेट पाहिलेला कोणीही मान डोलवेल.) मग २०१७ मध्ये अ‍ॅडम वॉथनने टेलविंड काढलं. त्यात साज मजकुरालाच चिकटवायचा. एका बटनापाठी फ्लेक्स, पीएक्स-फोर, राउंडेड-एलजी अशी वरात निघते. भाऊंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "काय घाण करून ठेवली बे" म्हणाले आणि आठवडाभराने गुपचूप तेच वापरताना सापडले. सध्या सोमवार ते बुधवार ते टेलविंडचे आणि उरलेला आठवडा शुद्ध सीएसएसचे असतात.

टेलविंडमध्ये नारिंगी रंगाच्याच अकरा छटा आहेत, ५० पासून ९५० पर्यंत. नागपूरची साइट म्हटल्यावर रंग संत्र्याचाच हवा, हे भाऊंनी धरूनच चाललेलं. मी गेलो तेव्हा ते एक संत्रं हातात धरून मॉनिटरला जवळजवळ टेकवून बसले होते. "आंबिया बहाराचं असेल तर पाचशे जुळते," ते म्हणाले, "पण मृग बहाराचं चारशेकडे जाते. कोणता धरायचा?" मृगाचं संत्रं बाजारात यायला अजून वेळ होता, म्हणजे निर्णयालाही होता. तेवढ्यात मुलाने येऊन नमुना सोलून खाल्ला. शेटजींना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, "भाऊ, माल माझा तिखट आहे. लाल करा ना!"

२०२५ चा फेब्रुवारी त्यांना फार लागला. रिअ‍ॅक्टवाल्यांनी 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' हे आपलं जुनं सुरुवातीचं साधन नव्या कामांसाठी वापरू नका, असं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात स्टाइल्ड-कम्पोनंट्स हे साजाचं साधनही यापुढे फक्त डागडुजीपुरतं चालेल, अशी बातमी आली. भाऊ दोन दिवस गाडीवर फिरकले नाहीत. त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली, तेव्हा महालच्या गर्दीत उभे राहून "घेऊन जा गे मारबत" असं ते इतक्या पोटतिडकीने ओरडले, की बाजूच्या माणसाने घरी सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारलं.

एक गोष्ट मात्र ते स्वतःहून काढत नाहीत. नंदनवनातल्या एका शिकवणी वर्गाची साइट त्यांनी फार पूर्वी पीएचपी आणि जेक्वेरीत करून दिली होती. ती आजतागायत चालू आहे, आणि दर वर्षी तिच्या देखभालीचे पैसे न मागता जमा होतात. विषय काढला की भाऊ म्हणतात, "ते सोडा ना आता," आणि दुसरा चहा सांगतात.

शेटजींचं काय झालं ते राहिलंच. तगादा फार झाला, तेव्हा भाऊंनी वेळ मारून न्यायला एक पान टाकून दिलं होतं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिलेलं, साधं एचटीएमएल. वर दुकानाचं नाव, खाली पाकिटाचा फोटो, मग हा एवढा फोन नंबर आणि 'संकेतस्थळ लवकरच येत आहे'. परवा शेटजींचा फोन आला. भाऊंनी धास्तावूनच घेतला.

"काय साइट केली भाऊ! अमरावतीहून, रायपूरहून फोन येऊन राहिले. पटकन उघडते म्हणतात लोक."

"शेटजी, ती साइट नाही. ती पाटी आहे नुसती."

"असू द्या. आता तिला हात लावू नका. बाकीचे पैसे पाठवतो."

एरवी पैसे आल्यावर माणसाचा चेहरा खुलतो. भाऊ तक्त्याकडे पाहत बसले. एवढी स्थळं पाहिली, पत्रिका जुळवल्या, आणि कार्य परस्पर उरकलं गेलं होतं. पण शेटजींनी फोन ठेवला नव्हता.

"फक्त एक करा. रायपूरवाल्यांसाठी हिंदीत पण टाकून द्या."

भाऊ ताठ झाले. "दोन भाषा म्हणजे दोन पानं. म्हणजे राउटिंग आलं शेटजी. पाहतो मी, पक्कं काहीतरी करू."

आतून वहिनींनी ताटं घेऊ का, म्हणून विचारलं.

"तुम्ही बसा," भाऊ तक्त्यात नवी ओळ घालत म्हणाले, "मी एवढं नेक्स्ट घ्यायचं की नक्स्ट, ते पाहून आलोच."