भिंतीवरची गोधडी

दिवाणखान्याच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. माझ्या धाकट्या भावालाही म्हणाले. मला हे वेड फार मोलाचं वाटतं.

आपली घरं बघा. खाली गुळगुळीत टाइल्स, बाजूंना सिमेंटच्या भिंती, समोर सरकत्या काचा. स्पीकरमधला उंच स्वरांचा भाग, म्हणजे ट्वीटर, जे बारीक, टोकदार आवाज फेकतो ते यातल्या कशातच मुरत नाहीत, आपटून परततात. त्यात माणसाचा कान सर्वांत तल्लख असतो तो साधारण २००० ते ५००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात. म्हणून झांज टोचते, गायिकेचा ‘स’ शिट्टीसारखा सुटतो आणि आतून आई ओरडते, “आवाज कमी कर!” दोष आवाज मोठा असण्याचा नसतोच.

भाऊ सोफ्यावर बसला आणि मला आरसा घेऊन भिंतीलगत सरकायला लावलं. आरशात त्याला ट्वीटर दिसला तिथे खिळा, खिळ्यावर गोधडी. प्रकाश परततो तसाच हा बारीक आवाजही परततो, त्यामुळे नेम चुकत नाही. ३००० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास. तिच्या पाव हिश्शाएवढी, म्हणजे तीनेक सेंटिमीटर जाडी तिला बऱ्यापैकी शोषते. गोधडी दुहेरी घातली, भिंतीपासून दोन बोटं सोडली. खर्ज तिला जुमानत नाही, आणि आम्हाला खर्जाची तक्रारही नव्हती. मग स्पीकर किंचित बाहेर वळवले. उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. झोत कानावरून हटला की धार उतरते.

हे वेड एकट्या भावाचं नाही. यामाहाचा एनएस-१० हा घरगुती स्पीकर १९७८ साली आला आणि जगभरच्या स्टुडिओंत पोहोचला. त्याचा ट्वीटर इतका बोचरा, की नाणावलेल्या ध्वनिमुद्रकांनी त्यावर टिश्यू पेपर लावला. कोणता कागद, किती पदरी, याचीसुद्धा मोजमापं झाली. आपल्याकडेही मिरजेच्या तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो. तो केसभर सरकला तरी वरचे सूर खुलतात किंवा मिटतात. तो सरकवणाऱ्याला आपण तयार कानाचा म्हणतो. गोधडीवाल्याचा कानही तोच आहे.

रात्री आम्ही जुनीच भजनांची रेकॉर्ड लावली. झांज होती, पण मागे, आपल्या जागी. आई आतून आली, खुर्ची ओढून बसली आणि दुसरी बाजू लावायला सांगितली.