पाणी आलं काय बे?

जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत सोलापूरचं नाव झळकलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं. आता डेटाचा कोटा रोज रात्री बाराच्या ठोक्याला भरतो. उजनीचं पाणी मात्र कधी चार, कधी पाच दिवसांआड. पण प्रगती नाही असं कसं म्हणावं? पूर्वी नळ कोरडा आहे हे फक्त गल्लीला कळायचं, आता पुण्यात नोकरीला गेलेल्या पोरालाही कळतं. पहाटे ग्रुपवर कुणीतरी विचारतं, ‘पाणी आलं काय बे?’ उत्तरादाखल गुलाबाच्या फुलासकट पाच-सहा ‘शुभ सकाळ’ आणि जलसंवर्धनाचा एक व्हिडिओ. पाणी सोडणारा चावीवाला तेवढा ग्रुपवर नाही. त्याला अजूनही घरी जाऊनच गाठावं लागतं. रात्रभर रील बघतो म्हणे, उशिरा उठतो.