ओलीची पोळी

सर्वपित्रीच्या पहाटे तीन वाजता मी मिनेसोटात बदकं मारायला निघालो, तेव्हा निफाडला दुपारचा दीड वाजला होता आणि आई गच्चीवर कावळ्याची वाट बघत उभी होती. व्हिडिओ कॉलवर आधी केळीचं पान दिसलं, मग कठडा, मग रिकामं आकाश, मग आईचं अर्धं कपाळ.

"शिवत नाहीये रे. तास झाला. ह्यांचं काय राहिलंय कोण जाणे. पण तू या वेळेला जागा कसा?"

"तळ्यावर चाललोय."

"एकटाच?"

"नाही, ओली आहे बरोबर."

पलीकडे जी शांतता पसरली ती फोन तुटल्याची नव्हती. "ओली कोण?" आईनं हळूच विचारलं. शेजारच्या आजोबांचा कुत्रा आहे म्हटल्यावर तिनं श्वास सोडला, आणि लगेच व्याकरणाकडे वळली. "कुत्रा ना? मग ओला म्हण. आणि अमावास्येला पाण्यावर कशाला तडमडतोस?"

"पक्षी बघायला," मी म्हणालो. बंदुकीच्या नळीवरून बघणार होतो, एवढंच सांगायचं राहिलं.

ओली हे नाव नॉर्वेचं. तिकडून मिनेसोटात आलेल्या लोकांच्या विनोदांत ओली आणि लीना हे जोडपं असतं, आपल्या बंड्या आणि गुरुजींसारखं. तो ओली. आमचा ओली काळा लॅब्रॅडॉर आहे, चाळीस किलोचा. पायाच्या बोटांत पडदे, शेपूट पाणमांजरासारखी जाड, अंगाला तेलकट वास. पाण्यात पडलेलं बदक दाताचा ओरखडाही न उमटू देता उचलून आणायचं आणि मालकाच्या हातात द्यायचं, ही त्याची पिढीजात नोकरी. आजोबांच्या गुडघ्याची वाटी बदलल्यामुळे यंदा या नोकरीवर गदा आली होती. ओली दिवसभर खिडकीत बसून आकाशाकडे बघायचा. शेवटी आजोबांनी होडी, तिची ट्रॉली, एक डझन नकली बदकं आणि कुत्रा असा सगळा संसार माझ्या हवाली केला. दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर हमालाच्या हुद्द्यावर जात होतो. आता एकदम स्वतंत्र कारभार.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मी गदिमांच्या त्या तळ्यातल्या पिलांच्या गाण्यावर वाढलेला माणूस आहे. शिवाय नांदूर मध्यमेश्वर आमच्या तालुक्यातलं. हिवाळ्यात सायकलवर जाऊन बंधाऱ्यावरून थापटे, तलवार बदकं, चक्रवाक मोजायचे हा आमचा उद्योग. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झालं तेव्हा मी इथे ऑफिसात पेढे वाटले होते, ते कशाचे हे कुणालाही कळलं नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बदकावर बंदूक रोखणं म्हणजे सरळ तुरुंगाची वाट. आणि ते ठीकच झालं. १९३८ साली भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीनं एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले आणि तो आकडा दगडात कोरून ठेवला. दगडात कोरण्यासारखं त्यात काय होतं, ते त्या दगडालाही कळलं नसेल.

मिनेसोटात मात्र बदकाची शिकार ही पंचांग बघून करायची गोष्ट आहे. थट्टा नाही. नियमांच्या पुस्तकात सूर्योदयाचं कोष्टक असतं, आणि सूर्योदयाच्या अर्धा तास आधी मुहूर्त लागतो. त्याआधी एक मिनिट बार काढला तर दंड. दिवसाला सहा बदकं. त्यात मॅलार्ड, म्हणजे ज्यांच्या नराचं डोकं हिरवं असतं ती, चारच. त्या चारात माद्या दोनच. हे सगळं अर्धवट उजेडात, ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगानं उडणाऱ्या पक्ष्याकडे बघून ठरवायचं. छर्रे शिशाचे चालत नाहीत, १९९१ पासून देशभर बंदी. वर दरसाल २५ डॉलरचं बदकाच्या चित्राचं तिकीट घ्यायचं आणि त्यावर शाईनं सही ठोकायची. हे तिकीट १९३४ साली सुरू झालं, पहिलं चित्र डिंग डार्लिंग नावाच्या एका व्यंगचित्रकारानं काढलं, आणि त्यातल्या डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा राखायला जातात. म्हणजे माझ्यासारख्या नेम न लागणाऱ्या माणसाकडून बदकांना निव्वळ फायदाच आहे.

आता बुचांकडे येऊ, कारण सगळा घोटाळा तिथे आहे.

नियमानुसार बंदुकीत बूच लागतं. तीनच काडतुसं मावावीत म्हणून मॅगझिनच्या नळीत एक दांडी बसवतात, तिला प्लग म्हणतात. होडीलाही मागच्या बाजूला तळाशी एक भोक असतं, आत साचलेलं पाणी काढायला, आणि त्यालाही बूच असतं. त्याचा नियम बरोबर उलटा. होडी रस्त्यानं नेताना हे बूच काढलेलंच पाहिजे. नाहीतर एका तळ्यातलं पाणी आणि त्यातले झेब्रा शिंपले दुसऱ्या तळ्यात जातात. थोडक्यात, बंदुकीत बूच नसेल तर दंड, आणि रस्त्यावर होडीत बूच असेल तर दंड. मी निघताना बंदुकीचं बूच तीनदा तपासलं.

ब्रेनर्डच्या उत्तरेला एका तळ्याकाठी साडेपाचला पोचलो. अमावास्या म्हणजे काय ते तिथे कळलं. हातातला कॉफीचा थर्मास दिसेना. कपाळावरचा दिवा लावून होडी उतारावरून पाण्यात सोडली. छातीपर्यंतची रबरी विजार चढवली, लाइफ जॅकेट घातलं, ओलीनं पुढच्या टोकावर अढळपद घेतलं आणि मी वल्ही मारायला लागलो. एकटा, अंधारात, पाण्यावर. निफाडच्या सायकलवरच्या पोरानं केवढी मजल मारली, या विचारानं छाती भरून आली होती. तेवढ्यात मला दिसलं की नकली बदकं तरंगायला लागली आहेत.

वाचकहो, मी ती अजून पाण्यात टाकली नव्हती.

रबरी विजारीचा हा तोटा. घोट्याएवढं पाणी चढलं तरी आतला माणूस कोरडाठाक, निर्धास्त. मी खाली हात घातला, काडतुसांची पिशवी उचलली आणि किंचाळलो, "अरे देवा, पिशवी ओली!"

आता शिकारी कुत्र्यांच्या शिक्षणातली एक बारीक गोष्ट. बदक पाण्यात पडलं तरी कुत्र्यानं जागचं हलायचं नसतं. मालक त्याचं नाव उच्चारतो, आणि नाव हाच सुटण्याचा हुकूम. ओली आठ वर्षं हा हुकूम पाळत आला होता. त्याच्या आयुष्यात मराठी स्त्रीलिंगी विशेषण प्रथमच येत होतं. चाळीस किलोंनी होडीच्या टोकावरून काळोखात झेप घेतली. होडीनं डावीकडे मान टाकली, मी उजवीकडे, आणि थर्मास कायमचा तळ्याला अर्पण झाला. पाचेक मिनिटं ओली अंधारात पोहत बदक शोधत होता. सापडलं नाही म्हणून परत आला, काठावरून चढला, आणि अंग झाडलं. ओल्या लॅब्रॅडॉरनं होडीत अंग झाडणं म्हणजे काय, ते ज्यानं गाईच्या शेपटीचा फटका तोंडावर खाल्लाय त्याला निम्मं कळेल.

बूच सापडेना. खिसे झाले, डबा झाला. परत जायचं तर मुहूर्त टळत होता. डब्यात बायकोनं बटाट्याची भाजी भरून घट्ट वळलेल्या दोन पोळ्या दिल्या होत्या. एक मी वाटेतच संपवली होती. दुसरी फॉइलमध्ये, अंगठ्यापेक्षा थोडी जाड. मी भोकाकडे बघितलं, पोळीकडे बघितलं. अन्नाचा अपमान होतो हे मला मान्य आहे. दाबून, पिरगाळून बसवली. थांबलं! मोहन बेताचं घालून पीठ चांगलं मळलेलं असलं की पोळी काय करू शकते ते त्या दिवशी पाहिलं.

डबड्यानं पाणी उपसत रानभाताच्या दाटीत घुसलो. मिनेसोटाचा हा भात तळ्यातच आपोआप उगवतो, ना नांगर ना बैल. ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात, आणि भादव्याच्या सुमाराला छोट्या होड्यांतून जाऊन दोन काठ्यांनी त्याच्या ओंब्या होडीत झोडून घेतात. एकदा मी पाकीट घरी नेलं होतं. बैलाच्या श्रमाचं नाही म्हटल्यावर आईनं ते ऋषिपंचमीला शिजवलं, काळा लांबडा दाणा बघून नाक मुरडलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बदकांनाही हा भात प्रिय. म्हणून तर आम्ही तिथे.

नकली बदकं मांडली, बसलो. कोष्टकातला मुहूर्त लागला. पूर्वेला राखाडी पट्टा फुटला, धुक्यात भाताच्या ओंब्यांचे शेंडे दिसायला लागले. मी गळ्यातली शिट्टी फुंकली. बदकाचा जो मोठा, खणखणीत आवाज आपण ओळखतो, तो मादीचा. नर बिचारा घसा बसल्यासारखा कुजबुजतो. त्यामुळे शिट्टी वाजवायची ती बाईच्या आवाजात. आजोबा म्हणतात, तळ्यावर शेजारणीला हाक मारल्यासारखं वाजव. मी निफाडच्या वाड्यातल्या एका काकूंना डोळ्यांपुढे आणलं आणि वाजवलं. पाच मॅलार्ड वळले! एक फेरी, दोन फेऱ्या, तिसरीला पंख ताठ करून पाय पुढे काढून खाली येऊ लागले. मी उठलो. धडाम, धडाम, धडाम.

बंदुकीत बूच होतं, म्हणून तीनच. नसतं तर पाच चुकले असते.

पाचही बदकं संथपणे, अपमान वाटावा इतक्या संथपणे, निघून गेली. ओलीनं आकाशाकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दहावीला मला गणितात जे मार्क पडले होते, ते ऐकून वडिलांनी असंच पाहिलं होतं. मी नजर चुकवून मागच्या भोकाकडे बघितलं आणि स्वतःची समजूत घालत पुटपुटलो, "निदान पोळी तरी टिकली."

पोळी आणि ओली यांत फरक किती, हे कुत्र्याच्या कानाला विचारा. त्यातून शिकवलेला कुत्रा मालकाच्या नजरेच्या रेषेत जातो. तो माझ्या पायांमधून मागे गेला, तोंड खाली घातलं, आणि वळून माझ्यासमोर येऊन ताठ बसला. तोंडात पोळी. फॉइलला दाताचा एक ओरखडा नाही. मी हात पुढे करेपर्यंत त्यानं ती धरून ठेवली आणि मग अलगद तळहातावर ठेवली. मोसमातली पहिली वस्तू, बिनचूक.

होडी भाताच्या चिखलात टेकली, म्हणून बुडण्याचा प्रश्न आला नाही. रिकामी बंदूक पिशवीत घालून गळ्यात टाकली आणि मांडीभर पाण्यात उतरून होडी ओढत निघालो. आजोबा दरवर्षी ११ नोव्हेंबर १९४० ची गोष्ट सांगतात: सकाळी हवा उबदार होती, बदकांचे थवेच्या थवे येत होते म्हणून लोक पातळ कोटांवर थांबले, दुपारी हिमवादळ उठलं आणि कित्येक शिकारी तळ्यांवरच गोठून गेले. ते सांगताना आजोबा हसत नाहीत. मला ते त्या पाण्यात नुसतं आठवलं तरी पुरे झालं. मी आठवत असताना एक थापट्या चमच्यासारखी चोच हलवत माझ्या नकली बदकांत येऊन उतरला आणि मला बघून घाबरलाही नाही. बहुधा नांदूरचा कुणी ओळखीचा समजला.

बूच गाडीत सापडलं. डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे, विसरू नये म्हणून मीच ठेवलेलं.

ती पोळी ओलीनं खाल्ली. कायद्यानं ती त्याचीच होती.

घरी पोचल्यावर आजोबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ ओलीच्या कानामागे खाजवत राहिले आणि म्हणाले, "नॉट टू बॅड." मिनेसोटात कौतुकाची याच्या वरची पदवी नाही. फक्त ते मला म्हणाले की कुत्र्याला, हे कळलं नाही.

रात्री आईला फोन केला. कावळा तीन वाजता आला होता. खीर सोडली आणि आधी वडा उचलला. बाबाही तसेच होते. "तुला दिसले का पक्षी?" तिनं विचारलं. दिसले म्हटलं. खोटं नव्हतं.

आता माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात होडीची बुचं दोन असतात. पोळ्या चार नेतो, त्यातली एक ओलीची.