48 वरून 74

नागपुरातलं मेडिकल रुग्णालय काय, मेयो काय, रात्री-बेरात्री जायची वेळ आलीच तर निवासी डॉक्टरच्या ॲप्रनचे खिसे बघा. एकात स्टेथोस्कोप, दुसऱ्यात बिस्किटांचा अर्धा पुडा. तेच जेवण. काल सकाळी ड्यूटीवर आलेलं हे पोरगं आज संध्याकाळी होस्टेलला जाणार आणि त्याआधी तुमच्या बाबांना बजावणार, ‘काका, वेळेवर जेवायचं, भरपूर झोपायचं, टेन्शन घ्यायचं नाही बरं!’

नियम नाहीत असं नाही. केंद्राने 1992 सालीच लिहून दिलंय : सलग ड्यूटी साधारण 12 तासांवर नको, आठवड्याला 48 तास, वर एक सुटी. तो कागद कोणत्या कपाटात आहे, ते विचारू नका. मग 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. पाहणीत पदव्युत्तर शिकणाऱ्यांपैकी सुमारे 31 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. इथे थट्टा सुचत नाही. पण पुढची शिफारस वाचली आणि सुचली. आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त काम नको! म्हणजे 32 वर्षांत 26 तासांची वाढ, आणि तिचं नाव दिलासा. त्यात पोरांना हे 74 सुद्धा स्वप्नच वाटतं. रोज सात-आठ तास झोपा, असंही अहवाल म्हणतो. कुठे आणि कधी, ते ज्याचं त्याने बघावं.

गणेशपेठ बसस्थानकातून सुटणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरचे तास मात्र कायद्यात आहेत. दिवसाला 8, आठवड्याला 48. स्टिअरिंगवर डुलकी लागली तर काय होतं, हे सरकारला 1961 सालीच उमगलं. टाके घालताना लागली तर काय होतं, यावर अजून समित्या बसताहेत.

सिस्टर आणि वॉर्डबॉय यांचा तर विषयच नाही. अहवाल विद्यार्थ्यांचा होता, त्यांचे तास कोण मोजणार?

डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात येतं. संत्री असतात, हुरडा असतो, मोर्चे असतात. लवाजमा बाहेर ठेवून एखाद्या आमदाराने रात्री दोनला कॅज्युअल्टीत डोकवावं आणि जेआर-वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला, विचारावं, ‘शेवटची सुटी कधी घेतली?’ फक्त उभ्या-उभ्याच विचारावं. बसायला खुर्ची दिली, तर उत्तराऐवजी घोरणं ऐकू येईल.